वसतिगृहाच्या मेसचं ताट सुधारायचंय? आधी वजनकाटा आणा, पोस्टर नंतर

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर कुठल्या ना कुठल्या वसतिगृहातून फोन येतो. नवी मेस कमिटी बसलेली असते, उत्साह दांडगा असतो, भिंतीवर सॅलडचं रंगीत पोस्टर लागलेलं असतं. आणि पंधरा दिवसांत पोरं मेसकडे पाठ फिरवून गेटबाहेरच्या रस-आम्लेटच्या गाड्यावर रांग लावून उभी असतात. आमच्या वसतिगृहातही पहिल्या वर्षी हेच झालं. मेसचा प्रभारी मीच होतो. आम्ही एका सोमवारी मासळी-चिकन बंद करून टाकलं, दोन दिवस आधी नोटीस लावली, आणि ताटात उकडलेली फरसबी-गाजरं वाढली. रात्री साडेआठलाच उष्ट्याची बादली भरली आणि दुसरी आणावी लागली. भाजी वाईट नव्हती. आम्ही शेवटचं काम पहिल्यांदा केलं होतं.

म्हणून हा लेख मुख्यतः क्रमाबद्दल आहे. ताळगाव पठारावरचं गोवा विद्यापीठ असो, फर्मागुडी, झुआरीनगर, कुंकळ्ळीच्या मोठ्या संस्था असोत की साठ मुलांचं छोटं कॉलेज वसतिगृह, टप्पे तेच राहतात, आकडे तेवढे बदलतात.

वेळेचं गणित आधी. बहुतेक ठिकाणी मेसचं कंत्राट शैक्षणिक वर्षासोबत नवं होतं. कंत्राटात शब्द घालायचे असतील तर मोजमाप जानेवारी-फेब्रुवारीत झालेलं हवं, मे महिन्यात नव्हे. तुम्ही हे जुलैत वाचत असाल तर टप्पा ३ पुढच्या वर्षासाठी ठेवा. बाकीचं सुरू करता येईल.

## टप्पा १ : माणसं गोळा करा, आचाऱ्यासकट

चार-पाच जण पुरे. विद्यार्थ्यांचा मेस सेक्रेटरी, मुलींच्या वसतिगृहातली एक प्रतिनिधी, वॉर्डन किंवा प्रभारी शिक्षक, कंत्राटदाराचा माणूस आणि मुख्य आचारी.

आचारी हमखास राहून जातो. कमिटी वर ऑफिसात बसते, तो खाली टोपाशी असतो, आणि ठराव त्याला व्हॉट्सअॅपवर कळतो. आमचा आचारी पहिल्या बैठकीत एकच वाक्य बोलला, ‘सर, भुरगीं खावचीं नात’. पोरं खाणार नाहीत. त्याचा मुद्दा बरोबर होता, कारण पोरांनी खाल्लं नाही तर शिव्या त्यालाच बसतात. त्याला पहिल्या दिवशी हे सांगा की पहिला महिनाभर कुठलाही पदार्थ बंद होणार नाही, आणि अन्न उरलं तर दोष त्याच्यावर येणार नाही. हे लेखी द्या.

तपासा : भाजी चिरणाऱ्या आणि वाढणाऱ्या मंडळींपैकी निदान एकाला हे सगळं कशासाठी चाललंय ते सांगता येतं का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २ : सात दिवस फक्त मोजा

या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. मेनू तोच, वाढप तेच. ‘मोजतोय’ असा गाजावाजाही नको, नाहीतर त्या आठवड्यात पोरं शहाण्यासारखी ताट पुसून खातात आणि तुमचा आकडा खोटा येतो.

सामान : पन्नास किलोपर्यंतचा डिजिटल वजनकाटा, तीन रंगांच्या बादल्या, एक शंभर पानी वही. बस्स.

तीन बादल्या अशा :

१. *स्वयंपाकघरातली* : सालं, देठं, खराब निघालेली भाजी.
२. *टोपातली* : शिजवलं पण वाढलंच गेलं नाही ते.
३. *ताटातली* : उष्टं.

तीनही एकत्र मोजले तर मोजण्यात अर्थ उरत नाही. पहिली बादली भरते ती खरेदीमुळे, दुसरी हजेरीच्या चुकीमुळे आणि तिसरी चवीमुळे किंवा डावामुळे (वाढायच्या पळीमुळे). प्रत्येकीचा उपाय वेगळा. तिसरीतही जमलं तर भात वेगळा काढा. बहुतेक मेसमध्ये उष्ट्यातला सगळ्यात जड वाटा भाताचाच निघतो.

हिशोब सोपा : उष्ट्याचे किलो गुणिले हजार, भागिले त्या जेवणाची ताटं. समजा रात्री २४० ताटं झाली आणि उष्टं १८ किलो भरलं, तर ताटामागे ७५ ग्रॅम. हाच आकडा भिंतीवर लावायचा. ‘१८ किलो’ वाचून कुणाला काही होत नाही. ‘तुझ्या ताटातले ७५ ग्रॅम’ म्हटलं की समोरचा ताटात बघतो.

तेल, साखर, मीठ गोदामाच्या वहीतून काढा. महिन्याच्या सुरुवातीचा साठा अधिक खरेदी, वजा शेवटचा साठा. समजा महिन्याला पंधरा किलोचे २० डबे तेल लागलं, म्हणजे ३०० किलो. पटावर २४० मुलं, ३० दिवस, म्हणजे ७२०० मनुष्यदिवस. माणशी रोज सुमारे ४२ ग्रॅम.

आणि इथेच सगळे फसतात. गोव्यातली पोरं शुक्रवारी संध्याकाळी पिशवी उचलून पेडणे, सत्तरी, काणकोणला घरी जातात. पटावरचा आकडा धरू नका, प्रत्यक्ष ताटं धरा. दुपारची आणि रात्रीची ताटं मिळवा, दोनाने भागा. तसं केल्यावर ७२०० चे ६००० झाले, तर तेच तेल माणशी ५० ग्रॅम पडतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिलेल्या आहार मार्गदर्शनात २००० कॅलरीच्या दिवसभराच्या ताटाला वरून घालायच्या तेला-तुपाचा आकडा २७ ग्रॅम आहे. आपण त्याच्या कितीपट आहोत ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. त्याच ताटात भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, धान्य २५० ग्रॅम, आणि कडधान्य-डाळी (त्यातच मासे-अंडी धरून) ८५ ग्रॅम आहेत. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. आपल्याकडे लोणचं, पापड आणि खारी मासळी यांतलं मीठ गोदामाच्या मिठाच्या पिशवीत दिसत नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

सावधान : परीक्षेचा आठवडा, चतुर्थी, शिगमा, नाताळ यांच्या आगेमागे मोजू नका. त्या दिवसांचा आकडा कशाशीच जुळत नाही.

डावाचंही वजन करा. हे कुणी करत नाही. वाढप्याला रोजच्यासारखा भात वाढायला सांगा आणि ताट सरळ काट्यावर ठेवा. आमच्या वाढप्याचा हात असा बसलेला होता की ताट पुढे येताच दोन डाव पडायचे. पोराच्या तोंडून ‘पुरे’ निघेपर्यंत दुसरा डाव उलटलेला असायचा. काट्यावरचा आकडा बघून तो स्वतःच हसायला लागला, म्हणाला एवढा भात मी पण खात नाही.

## टप्पा ३ : कंत्राटाचा कागद

कंटाळवाणं आहे, पण बाकी सगळं इथे अडतं. कंत्राटदाराला माणशी ठराविक पैसे मिळतात. त्यामुळे त्याचा फायदा स्वस्त गोष्टींनी पोट भरण्यात असतो : भात, बटाटा, तेल. त्याला दोष देऊ नका, कागदच तसा आहे.

कागदावर पदार्थांच्या नावांऐवजी कच्च्या मालाचे ग्रॅम लिहा. ‘दुपारी डाळ’ असं लिहिलं तर डाळीचं पाणी मिळेल. २४० जणांना पाच किलो तूरडाळ शिजवली तर माणशी एकवीस ग्रॅमसुद्धा पडत नाही, आणि कागदावर ‘डाळ’ दिलेलीच असते. ‘कडधान्य किंवा डाळ, कच्ची, माणशी जेवणामागे ४० ग्रॅम’ असं लिहिलं की तपासता येतं. भाजीचंही तसंच, आणि त्यात बटाटा धरायचा नाही हे स्पष्ट लिहा. हे एक वाक्य विसरलात तर वर्षभर बटाट्याची भाजी खाल.

आणखी चार कलमं :

- भाजीचं नाव न लिहिता ‘हंगामी पालेभाजी’ लिहा. ‘पालक’ लिहिलं तर भर पावसात घाटावरून कुजकी पालक येईल आणि शेजारच्या रस्त्यावर विकायला असलेला ताकळा (पावसाळी रानभाजी) कुणी घेणार नाही.
- मासळीसाठी ‘स्थानिक, हंगामी’ असं लिहा, विसवण (सुरमई), पापलेट असं नाव घालू नका. पिल्लं घ्यायची नाहीत हेही लिहा.
- आदल्या रात्रीपर्यंत न जेवणाऱ्यांची नोंद दिली तर रिबेट. घरी जाणाऱ्याला काही सवलत मिळत नसेल तर तो सांगणार कशाला? आणि त्यानं सांगितलं नाही की टोपातली बादली भरते.
- वापरलेल्या तळणीच्या तेलाची विल्हेवाट कशी लावली त्याची नोंद.

नारळाचा भाव वर्षात वरखाली होतो. त्यासाठी भावफरकाचं कलम नसेल तर नारळ महागताच खोबऱ्याचं वाटण पातळ होतं आणि त्या जागी तेल वाढतं. गोव्यातल्या स्वयंपाकात हे ठरलेलं आहे.

तपासा : कंत्राटदाराकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चालू परवाना किंवा नोंदणी आहे का? प्रत मेसच्या भिंतीवर लागलेली हवी.

## टप्पा ४ : मेनू कॅलेंडरवर बसवा

मेसचा मेनू साधारणपणे आठवड्याचा असतो आणि जूनपासून एप्रिलपर्यंत तोच फिरतो. इथला निसर्ग असा आठवड्याने चालत नाही. वर्षाचे चार तुकडे करा.

जून-जुलै. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी होड्यांना मासेमारी बंदी. बाजारात मिळते ती बर्फातली, बाहेरून आलेली, महाग. तरी बऱ्याच मेस तीच घेतात कारण मेनूवर ‘बुधवार-मासे’ असं छापलेलं असतं. या दोन महिन्यांत अंडी, अळसांद्यांचं तोंडाक (चवळीची रस्साभाजी), मुगागाठी, काळ्या वाटाण्याची उसळ यांना मेनूत हक्काची जागा द्या. ताकळा आणि अळू याच दिवसांत मिळतात. अळू नीट शिजलं नाही आणि आमसूल किंवा चिंच कमी पडली तर घसा खवखवतो, म्हणून नवख्या आचाऱ्याकडे पहिल्यांदा वीस ताटांपुरतंच करून बघा.

ऑगस्ट-सप्टेंबर. भेंडी, दोडकी, काकडी, तवशी, चिबूड. श्रावणात निम्मं वसतिगृह तसंही शाकाहारी असतं. नवा शाकाहारी पदार्थ रुजवायला याहून चांगला मुहूर्त नाही, आणि नेमकं तेव्हाच कुणी करत नाही. जानेवारीत, ऐन बांगड्याच्या दिवसांत, ‘मांसाहारमुक्त सोमवार’ काढतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तांबडी भाजी, मुळा, नवलकोल, वाल, कणगां (छोटे कंद). आगशीची वांगी याच दिवसांत घ्या. तांबडी भाजी कांदा-खोबरं घालून पाच मिनिटांत होते आणि बाहेरून आलेली पोरंही ती खातात. फळ द्यायचं तर सफरचंदाच्या पेटीमागे लागू नका, केळं द्या.

मार्च ते मे. कच्चा फणस, नीरफणस, कैरी, भिरंड (कोकम). सोलकढीचा टोप शीतपेयाच्या बाटल्यांच्या फ्रीजआधी ठेवा.

भाजी कुठून घ्यायची? फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर स्वस्त मिळते, पण त्यातली बरीचशी बेळगावहून येते. तेही चालेल. ‘सगळं स्थानिकच’ हा हट्ट पहिल्या वर्षी मोडतो, कारण २४० ताटांना लागणारी तीस-चाळीस किलो पालेभाजी एका शेतकऱ्याकडे रोज मिळत नाही. आठवड्यातून दोन पदार्थ जवळच्या शेतातले आणि तेही ठरलेल्या वारी, इथून सुरू करा. शेतकऱ्याला पैसे त्याच आठवड्यात द्या. महिनाभर अडकवलेत तर तो पुढच्या वेळी फोन उचलत नाही.

न्याहारी एका ओळीत : पातळ भाजी-पाव उत्तम आहे, ती काढून कॉर्नफ्लेक्स आणू नका. पावाऐवजी पोई (कोंड्याचा गोल गोवेकरी पाव) घ्या, पण पोदेराला (पाववाल्याला) पीठ विचारा. बरीचशी पोई हल्ली मैद्याचीच असते, वर कोंडा भुरभुरलेला.

बाहेरच्या पोरांचं काय? राष्ट्रीय संस्थांमध्ये निम्म्याहून जास्त मुलं गोव्याबाहेरची. इंदूरच्या मुलाला खतखतं (अनेक भाज्यांचा गोव्याचा रस्सा) म्हणजे काय ते ठाऊक नसतं आणि तिरफळाचा पहिला चटका त्याला आवडत नाही. नव्या पदार्थाची एक चमचाभर चव वाटीत ठेवा, मागेल त्याला वाढा, आणि पहिले तीन वेळा शेजारी त्याच्या ओळखीची एक भाजी असू द्या.

## टप्पा ५ : टोपापाशी

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्या. मेनू कितीही हुशारीनं आखा, दीड वाजता ताटात पडलेली भाजी करडी आणि गळून गेलेली असेल तर पोरगं बरोबर तेच करेल जे तुम्ही केलं असतंत.

५.१ एका टोपाचे तीन टोप करा. बहुतेक मेसमध्ये भाजी साडेनऊला शिजते आणि दोन वाजेपर्यंत गरम काउंटरवर बसते. चिरण एकदाच करा, शिजवण तीनदा : बाराला, पाऊणला, दीडला. तिसरा टोप चढवायचा की नाही हे तेव्हाची रांग बघून ठरवा. एकही पदार्थ न बदलता एवढ्यानेच भाजी सुधारते, आणि टोपातली बादलीही हलकी होते. आचारी म्हणेल माणसं कमी आहेत. तेव्हा त्याला डाळ-भाताचं काम आधी उरकून घ्यायला सांगा, त्या दोन्ही गोष्टी थांबू शकतात.

५.२ तेलाला माप द्या. डब्यातून सरळ कढईत ओतणं बंद. एक मग ठरवा, त्यावर रंगानं रेघ मारा. पहिल्या आठवड्यात आजच्याइतकंच तेल, फक्त मापून. दुसऱ्या आठवड्यापासून रेघ थोडी खाली. एकदम निम्मं केलंत तर चव पडते आणि सगळा प्रयोग बदनाम होतो. तेल कमी करताना फोडणी शेवटी, वरून द्या. वास आधी नाकाला लागतो, तेल कमी पडल्याचं जिभेला मागाहून कळतं.

५.३ तळणीचे दिवस मोजा. आठवड्याच्या मेनूत तळलेले पदार्थ किती वेळा आहेत त्यावर गोल करा. पापड आणि रवा लावून तळलेला बांगडा धरून. लोक भजी मोजतात, बांगडा विसरतात. बांगड्याचं हुमण (खोबऱ्याचा रस्सा) एक दिवस वाढवा, तळणी एक दिवस घटवा. तळून काळं पडलेलं, फेस येणारं, लवकर धुरावणारं तेल पुन्हा वापरायचं नाही. कायद्यानं तेलातल्या ध्रुवीय घटकांची (तेल पुन्हापुन्हा तापवून तयार होणाऱ्या) मर्यादा २५ टक्के आहे, ती जुलै २०१८ पासून लागू आहे.

५.४ कडधान्य भिजवण्याची जबाबदारी एकाच्या नावावर. उसळीचा दिवस बिघडतो तो रात्री भिजवायला विसरल्यामुळे. मग सकाळी घाईनं बटाट्याची भाजी होते. फळ्यावर नाव लिहा.

५.५ उकडे तांदूळ. याला शिजायला वेळ आणि पाणी जास्त लागतं, आणि सुरईच्या (साध्या पांढऱ्या तांदळाच्या) मापानं केलं तर कच्चं राहतं. मग पोरं म्हणतात उकडं नको. भरपूर पाण्यात शिजवून पाणी गाळायचं, वेळ अजमावायला दोन वेळा छोट्या टोपात करून बघायचं. पहिल्या दिवशी सरसकट उकडा भात वाढू नका, दोन्ही ठेवा आणि उकडा रांगेत आधी ठेवा. शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला पेज, लोणचं आणि तळलेल्या मिरचीचं काउंटर लावून बघा. त्या आठवड्यात घरी न गेलेली गोव्यातली पोरं घरच्यासारखी येतात, बाहेरची कुतूहलानं.

सावधान : उरलेला भात रात्रभर बाहेर ठेवून सकाळी फोडणीचा भात करायचा नाही. वाया जाऊ नये म्हणून ही कल्पना हमखास कुणीतरी काढतो. दमट हवेत त्या भातात जिवाणू वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. दोन तासांच्या आत पसरट भांड्यात गार करून फ्रीजमध्ये, नाहीतर सोडून द्या. काउंटरवरचं गरम अन्न ६५ अंशांच्या वर हवं. साधा थर्मामीटर घ्या.

## टप्पा ६ : रांग आणि शब्द

ताट पुढे सरकत जातं तसं ते भरतं, आणि आधी येतं ते जास्त पडतं. बहुतेक ठिकाणी आधी भात असतो. उलटं करा : आधी कोशिंबीर, मग भाजी, मग उसळ, मग पोळी, शेवटी भात. तळलेली मासळी अगदी टोकाला, वेगळ्या माणसाच्या हाती.

कप्प्यांच्या स्टीलच्या ताटाची एक गंमत आहे. सगळ्यात मोठा कप्पा भाताचा, हे कुणी ठरवलं नाही, पण वाढपी तो भरेपर्यंत थांबत नाही. भाताचा डाव बदलून छोटा घ्या आणि एकच डाव वाढायचा, ‘आणखी हवा?’ विचारायचं. पुन्हा मागायला पूर्ण मुभा हवी. मुभा नसेल तर पोरं भीतीपोटी आधीच दोन मागून घेतात. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी ट्रे काढून टाकले आणि उष्टं घटलं, त्यामागचं कारण हेच : हातात मावेल तेवढंच घेतलं जातं.

निवड वाढवा, बंदी घालू नका. केंब्रिज विद्यापीठाच्या कॅफेटेरियांतल्या विक्रीचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. चार पदार्थांत एक शाकाहारी होता तिथे दोन केल्यावर शाकाहारी जेवणांची विक्री ४१ ते ७९ टक्क्यांनी वाढली. मांसाहारी पदार्थ पूर्ण काढावा लागला नाही. आपल्या मेसमध्ये चार पदार्थ नसतात, पण चिकनच्या दिवशी शाकाहारी पोरासाठी पनीरचे चार तुकडे पाण्यात पोहत असतात. त्याऐवजी त्या दिवशी झणझणीत मशरूमचं शाकुती किंवा काजूची उसळ ठेवा. चिकन खाणारेही वाटी पुढे करतील.

‘हेल्दी’ शब्द फळ्यावर लिहायचा नाही. अमेरिकेत पाच विद्यापीठांच्या भोजनगृहांत भाज्यांना चवीची नावं आणि आरोग्याची नावं देऊन पाहिलं. चवीच्या नावाच्या भाज्या आरोग्याच्या नावाच्या भाज्यांपेक्षा २९ टक्के जास्त वेळा उचलल्या गेल्या. हाही अभ्यास २०१९ चाच. मात्र तिथेही भाजी खरोखर चवदार असावी लागली. तेव्हा ‘कमी तेलातली पौष्टिक भाजी’ न लिहिता ‘ताज्या खोबऱ्यातली तांबडी भाजी, खोल्याची मिरची घालून’ असं लिहा. पण मिरची खरंच खोल्याची (काणकोणातल्या खोला गावची) असेल तरच. पोरं दुसऱ्या दिवशी ओळखतात.

## टप्पा ७ : एका वेळी एकच बदल

दोन बदल एकदम केले की उष्टं वाढलं तर ते कशानं, हे सांगता येत नाही. आम्ही जो क्रम शेवटी पक्का केला तो असा, जोडीतला एकेक बदल एकेका आठवड्याला :

- आठवडा १-२ : तीन टोप आणि छोटा डाव. घोषणा नाही.
- आठवडा ३-४ : रांगेचा क्रम, तेलाचं माप.
- आठवडा ५-६ : आठवड्यातून दोन उसळी, बटाट्याची एक भाजी कमी.
- आठवडा ७-८ : उकडा भात पर्याय म्हणून, पोई.
- त्यानंतर : तळणीचा एक दिवस कमी, मोठ्या मासळीऐवजी बांगडे-तारल्या (तारल्या म्हणजे सार्डिन).

तारल्यांना काटे फार, बाहेरची पोरं हात लावत नाहीत. त्यांना हुमणातली नको, सुकी करून द्या, आणि पहिल्या दिवशी एखादी गोव्याची मुलगी किंवा मुलगा काटा कसा काढायचा ते टेबलावर दाखवू दे. पोस्टरनं हे काम होत नाही.

कधी माघार घ्यायची? एखाद्या पदार्थाचं उष्टं सलग तीन वेळा जुन्या सरासरीपेक्षा जास्त आलं तर तो थांबवा, पाककृती बदला, महिन्याने परत आणा. एकदाच जास्त आलं म्हणून काढू नका. त्या दिवशी कदाचित सामना असेल किंवा जत्रा.

गाड्यावरही नजर ठेवा. गेटवर रात्री नऊ ते दहा किती पार्सलं आत येतात ते सुरक्षारक्षकाला मोजायला सांगा. नावं लिहून घेऊ नका, फक्त आकडा. उष्टं घटलंय आणि पार्सलं वाढली आहेत, तर पोरं मेसमध्ये जेवतच नाहीत, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

## टप्पा ८ : उरलेला ओला कचरा

थोडक्यात, कारण इथे लोक सुरुवात करतात आणि इथेच थांबतात. कंपोस्टच्या टाकीचं उद्घाटन होतं, फोटो निघतात, आणि ताटामागचे ७५ ग्रॅम तसेच राहतात. आधी बादल्या हलक्या करा, मग टाकीचं माप ठरवा, नाहीतर दुप्पट मोठी टाकी घ्याल. दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा होत असेल तर तुम्ही मोठे कचरा निर्माते ठरता आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवणं तुमच्यावर येतं. हाडं-काटे, प्लास्टिकची पाकिटं आणि टिश्यू उष्ट्याच्या बादलीत पडू देऊ नका. ताट रिकामं करायच्या जागी एक माणूस पहिले पंधरा दिवस उभा करा. त्यानं बोलायचं नाही, फक्त उभं राहायचं.

## टप्पा ९ : पुन्हा मोजा, आणि वही सोपवा

आठव्या आठवड्यानंतर टप्पा २ चे तेच सात दिवस. वार तेच, शक्यतो पदार्थही तेच. चिकनच्या रविवारची तुलना उसळीच्या मंगळवारशी केली तर हवा तो निष्कर्ष निघतो. भिंतीवर दोनच आकडे लावा : ताटामागे उष्टं आणि माणशी तेल. वाचलेल्या पैशाचं काय झालं तेही त्याच कागदावर लिहा. ते कंत्राटदाराच्या खिशात गेले असं पोरांना वाटलं तर पुढचा बदल कुणी ऐकणार नाही. आम्ही त्यातून रोजचं केळं सुरू केलं, आणि तेलाच्या रेघेबद्दलची कुरबुर त्या आठवड्यात थांबली.

मेस कमिटी दरवर्षी बदलते, हे या सगळ्याचं सगळ्यात कच्चं ठिकाण. एप्रिलमध्ये, परीक्षांच्या आधी, जुन्या आणि नव्या कमिटीची एक बैठक स्वयंपाकघरातच घ्या. वही, काटा, रेघ मारलेला मग आणि भाताचा छोटा डाव सहीनिशी ताब्यात द्या. आणि जूनमध्ये आचारी नवा आला असेल तर वहीत काहीही लिहिलेलं असो, टप्पा ५ पहिल्या ओळीपासून परत सुरू करा. सुट्टीत छोटा डाव हरवतो आणि जुना मोठा कुठूनतरी परत येतो. तो आधी शोधा.